अजून दाणा शिवला नाही

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. चिनी म्हातारा आत आला आणि संजनाच्या खांद्यावर निजलेल्या अंशच्या टाळूपाशी नाक नेऊन त्याने एक लांब श्वास घेतला. गाय नुकत्याच जन्मलेल्या वासराला हुंगते तसा. विचारलं नाही, हसला नाही, जणू ते त्याचं रोजचं कामच. मग वळून सोबतच्या आपल्या मुलीशी काहीतरी बोलला. मुलगी डॉक्टरीण होती. मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात सुया टोचून लोकांचे गुडघे नि कंबरा बऱ्या करायची, आणि पेशंटांच्या तोंडून वेचलेली एक मोडकी हिंदी तिच्याजवळ होती. "मेरा बाप बोलता," ती अवघडून म्हणाली, "ये बच्चा अनाज नहीं खाया. एक दाना भी नहीं." लिफ्ट खाली चालली होती. तिने अंशच्या टाळूवर हात ठेवला, उघडं राहिलेलं भांडं झाकावं तसा. "उनको कैसे मालूम?" "खुशबू से. अनाज खाने के बाद आदमी में मट्टी का खुशबू आता. इसमें मट्टी नहीं." दार उघडलं. बापलेक अबुधाबीच्या त्या पांढऱ्या उन्हात उतरले आणि म्हातारा चालू लागला तेव्हा संजनाला वाटलं, ह्याच्या चपलांचा आवाजच होत नाहीये.

ती कशाला खाली आली होती ते तिला आठवेना. खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात, उभी राहिली तर दुकानदार कमरुद्दीन म्हणाला, "भाभी, दही खलास. लबान ले जाओ," आणि ती लबानची, म्हणजे ताकाची, बाटली घेऊन परत वर आली, म्हणजे दहीच आणायला गेली असणार. घरात एसीची घरघर होती. तिने अंशला पलंगावर ठेवलं, त्याच्या टाळूवर वाकली आणि हुंगलं. दूध होतं. दुधाच्या मागे काहीतरी थंड, स्वच्छ, विहिरीत वाकून पाहिल्यावर येतं तसं. खरंच, माती नव्हती. हा वास तिला पाठ होता, ह्याच वासाच्या राखणीला ती बसली होती, आणि जी गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती, फोनवर आईला सांगितली नव्हती, ती एका परक्या म्हाताऱ्याने चार मजले उतरता उतरता नाकाने वाचली. तिला राग यायला हवा होता. आला नाही. जत्रेत हरवलेल्या पोराला कुणी त्याच्या घरच्या नावाने हाक मारावी, तसं काहीसं झालं.

रिद्धी, तिची पहिली लेक, गेली तेव्हा ती एवढीच होती, ह्याच्याएवढी. माहेरी, जतकडच्या त्या उघड्या माळावर. उष्टावणाचा दिवस ठरला होता, मामाने भाचीला भरवताना घालायला नवा सदरा शिवून आणला होता, खीर चाटवायची अंगठी चिंचेने घासून देवापुढे ठेवली होती. ताप आला आणि उष्टावणाच्या आदल्या दिवशी ती गेली. तोंडात दाणा न पडता. दारात जमलेल्या बायांतली एक कुणीतरी, चांगल्याच मनाने, म्हणाली होती, "तिचं दाणापाणीच नव्हतं गं हितलं." त्या एका वाक्यावर सगळ्या बायांनी मान हलवली होती, मोट्ठा उलगडा झाल्यासारखी. दाणापाणी. जिथलं दाणापाणी असेल तिथं माणूस जातं. तिच्या नवऱ्याचं, नागेशचं, इथं वाळूत होतं म्हणून तो आला. दाणापाणी उठलं की जागा सुटते. पण जिचं सुरूच झालं नाही, तिचं काय? आणि मग दुसरं बाळ झालं, दात शिवशिवू लागले, लोकांच्या ताटाकडे बघून ओठ हलवू लागलं, तेव्हा त्या वाक्याला संजनाच्या मनात एक उलटा कोंब फुटला. दाणापाणी सुरू झालं की ते कधीतरी संपणार. सुरूच झालं नाही, तर संपेल कसं? हे वेड आहे हे तिला कळत होतं. पण चमचा हातात घेतला की हात हवेत थांबायचा, आणि ती पेज तिची तीच पिऊन टाकायची.

"काय खाल्लं आज वाघानं?" मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून आला की नागेश बूट काढता काढता विचारायचा. त्याच्या शर्टाला लोखंडाच्या भुकटीचा वास असायचा. "पेजेवरचं पाणी," ती म्हणायची. "नर्स तर म्हणते वजन हललं नाही. काट्यावर दोनदा ठेवला म्हणे तिनं. नखं बघ याची, कागदासारखी." "दात येतायत. दातांच्या वेळी होतं." "आणि उष्टावण?" "दादाचा व्हिसा होऊ दे. मामाशिवाय कुणी भरवत नाही." नागेश हसायचा. "तुझ्या दादाचा व्हिसा होईस्तोवर हा स्वतःच मामा व्हायचा. इन्शाल्ला म्हण आणि दे भरवून." मामाची सबब सोन्यासारखी होती. तिला कुठूनही गंज चढत नव्हता. दर शुक्रवारी केरू यायचा, तिच्याच गावचा, नागेशच्या हाताखालचा वेल्डर, दाढी करून, अत्तर मारून, आणि अंशला वर उडवत म्हणायचा, "ताई, मी काय मेलोय व्हय? गावचा भाऊ त्यो सख्खा भाऊ. द्या हिकडं, मी भरवतो." "तुझ्या हाताला ग्रीस असतं रे." "मग तर चांगलंच की. पोरगं जन्मात गंजणार नाही." सगळे हसत. अंशही हसे, थोडं उशिरा, दमल्यासारखं.

लिफ्टमधल्या त्या गोष्टीनंतर तिचं लक्ष सारखं म्हाताऱ्याकडे जायला लागलं. नागेशने कुठूनसं ऐकून आणलं, की तो चिनी आजोबा धान्यच खात नाही. भात नाही, पोळी नाही, नूडल्स नाहीत. "चिनी माणूस आणि नूडल्स नाही? मग त्याला चिनी कशाला म्हणायचं," तो म्हणाला. संजनाला मात्र लगेच उमगलं, म्हणजे तिला तसं वाटलं. धान्य खात नाही म्हणजे उपास. तिची आई चातुर्मासात अशीच असायची. एकादशी आली तेव्हा तिने भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली, आणि एका वाडग्यात भगर, वर तुपाची धार, असं झाकून चौथ्या मजल्यावर देऊन आली. तिला फार बरं वाटलं. ह्या परमुलखात उपासाचं कळणारं एक माणूस भेटलं होतं. संध्याकाळी डॉक्टरीण वाडगा परत घेऊन आली. भगर तशीच होती. तूप थिजून वर पांढरी साय धरली होती. वाडगा भरलेला परत येणं म्हणजे काय असतं ते डॉक्टरिणीला कोण सांगणार. संजनाचा चेहरा पडला. "मेरा बाप सॉरी बोलता," डॉक्टरीण म्हणाली. "ये अनाज है." "नहीं नहीं," संजना म्हणाली, "ये अनाज नहीं. ये उपास का है." डॉक्टरिणीने झाकण उचलून पुन्हा पाहिलं. "ये तो हमारे में सबसे पहला अनाज. पाँच अनाज गिनते, तो पहले इसका नाम." "हमारे में ये गिनतेच नहीं." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग डॉक्टरीण हसली, तोंडावर हात ठेवून. "तुम्हारा भगवान को किसने बोला, ये अनाज नहीं?" संजनाने विचार केला. खरंच, कुणी सांगितलं असेल? कुणा आजीनेच. आणि देवाने मान्य केलं असेल, भुकेल्या लेकीसुनांकडे बघून. तीही हसली.

मग डॉक्टरीण आत येऊन बसली आणि चहा न घेता, बशीतला खजूर चघळत तिने बापाचं सांगितलं. त्यांच्या डोंगरात जुने लोक म्हणत, माणसाच्या अंगात तीन किडे असतात. एक डोक्यात, एक छातीत, एक पोटात. आपण जन्मतो तेव्हापासून ते असतात आणि ते जगतात धान्यावर. आपण जेवतो, ते जेवतात. आणि ठरलेल्या रात्री, आपण गाढ झोपलो की, ते हळूच निघतात, वर आकाशात जातात आणि चुगली करतात, ह्याने हे केलं, हिने ते केलं. मग आकाश आपल्या आयुष्यातलं थोडं कापून घेतं. किड्यांना हवंच असतं ते. आपण मेलो की ते सुटले. म्हणून धान्य सोडायचं. किडे उपाशी मरतात, अंग हलकं होतं, आणि माणूस पुन्हा आईच्या पोटातल्या बाळासारखा नुसत्या श्वासावर राहू शकतो. "बाप बोलता, पेट का बच्चा सबसे बड़ा साधू. खाता नहीं, बोलता नहीं, साँस भी नाक से नहीं." "तुम मानता?" संजनाने विचारलं. "मैं डॉक्टर," ती म्हणाली. "मैं भात खाती." आणि उठता उठता पुढे म्हणाली, "लेकिन माँ मरी, उसके बाद बाप ने छोड़ा. माँ खेत में भात लगाती थी. उसका हाथ का भात नहीं, तो फिर कोई भात नहीं." हे म्हणताना तिने वाडग्यावरचं झाकण नीट बसवलं, जरी ते नीटच बसलेलं होतं.

संजना फ्रीजपुढे उभी राहिली. इकडच्या उन्हाने धान्याला सोंडे लागतात म्हणून तांदूळ, डाळी, पिठं सगळं फ्रीजमध्ये. तरी काल तांदूळ निवडताना एक सोंडा सापडला होता, काळा, इवलासा, पांढऱ्या दाण्यांतून वाट काढत निघालेला, आणि तिने परात खाली ठेवून दिली होती. आता तिला वाटलं, तो कुठे निघाला होता? कुणाला सांगायला? तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला. सांगोत बापडे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काय होतं. पण अंशच्या पोटात अजून कुणी जेवत नव्हतं, त्याचं नाव वर कुणी घेत नव्हतं, आकाशाला तो माहीतच नव्हता. म्हणजे तिला कळलं होतं ते वेड नव्हतंच. कुठल्याशा डोंगरात, दाढ्या वाढवलेल्या म्हाताऱ्यांना ते केव्हापासून ठाऊक होतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि फ्रीजच्या थंडीने आला असं तिने ठरवलं. फ्रीजच्या तळाशी, मागे, आईने कुणाबरोबर तरी पाठवलेली पुरचुंडी होती. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात घरचा जोंधळा, नातवाच्या उष्टावणाला. गाठ तशीच होती. आईची गाठ, उजवीकडे वळणारी. पहाटे जात्यावर बसून आई ओढून ओढून म्हणायची, झोपेत ऐकू यायचं,

दाण्याच्या पोटामंदी कुनी निजविलं बाळ,
फिर जात्या हळूहळू, मोडू नको त्याची येळ.

आणि तरीही जात्यात वैरण घालायची, मुठीमागून मूठ. बाळासाठी रडायची, बाळाला दळायची, आणि त्याच बाळाची भाकरी बाळाला द्यायची. लहानपणी संजनाला हे कधी विचित्र वाटलं नव्हतं.

शुक्रवारच्या पहाटे ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, अंशला पाठीशी बांधून. उन्हं चढली की गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून पहाटच. डिश अँटेनांचं रान होतं, त्यांच्या पांढऱ्या परड्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून कुठल्यातरी दाण्याची वाट बघत बसल्यासारख्या. आणि त्यांच्या पलीकडे कठड्याशी म्हातारा उभा होता. समुद्राकडून दमट वारा येत होता. इमारतींच्या फटीतून आकाश आधी राखी, मग शिंपल्याच्या आतल्यासारखं झालं, मग सूर्याची नुसती कड दिसली, आणि म्हाताऱ्याने तोंड उघडलं. काही म्हटलं नाही. उघडलं, थांबला, मिटलं, आणि गिळलं. त्याच्या बारीक गळ्यातला कंठमणी वर जाऊन खाली आला, खरा घास उतरावा तसा. पुन्हा. पुन्हा. तो उजेड खात होता. संजनाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं ते तिच्या पावलांना कळत होतं, तिला कळत नव्हतं. तिने देवळं पाहिली होती, गाभारे पाहिले होते, पण देवापुढे उभं राहून जे वाटायला हवं असं सगळे सांगतात ते तिला तिथे नव्हे, इथे, धुण्याच्या दोऱ्यांखाली वाटलं. हे एवढंसं अंग, बनियनच्या भोकातून बरगडी दिसणारं, आणि त्यात एवढी पहाट मावत होती. मग तिला मानेवर हालचाल जाणवली. तिने मान वळवून पाहिलं. अंश तोंड उघडत होता. उजेडाकडे बघून, म्हाताऱ्यासारखंच, उघडत होता, मिटत होता. गिळत होता. आणि काहीच उतरत नव्हतं. त्याचे ओठ पांढुरके होते. सूर्य सरळ त्याच्या कानातून आला आणि तो कान, दुसऱ्या लेकरांचा लाल दिसतो तसा न दिसता, मेणासारखा पिवळा दिसला.

डॉक्टरीण बादली घेऊन वर आली होती. संजनाने तिला हाताला धरून म्हाताऱ्यापुढे नेलं. तिला वाटत होतं तिला विचारायचंय, पण तोंडातून निघालं ते सांगणं होतं. "इनको बोलो, मैं इसको अनाज नहीं देती. मैं ही नहीं देती. इनके जैसा. पहली बच्ची गयी, अनाज से पहले. ये नहीं खायेगा तो नहीं जायेगा. बोलो इनको. पूछो, ठीक है ना." डॉक्टरिणीने तिच्याकडे पाहिलं, मग अंशच्या नखांकडे, मग बापाला सांगितलं. सांगायला थोडाच वेळ लागला. म्हाताऱ्याचा चेहरा आक्रसला. लिफ्टमध्ये हुंगताना त्याने काय पाहिलं होतं आणि काय पाहिलं नव्हतं, ते त्याचं त्यालाच आता दिसत असावं. तो पुढे आला, अंशचं पाऊल तळहातावर घेतलं, तळवा अंगठ्याने दाबला आणि रंग परत यायची वाट बघत राहिला. रंग आला, पण सावकाश. तो बोलला, आणि त्याच्या आवाजात साधूबिधू काही नव्हतं, पोर रडवल्याबद्दल सुनेला बोलणाऱ्या सासऱ्यासारखा होता. "बाप गुस्सा है," डॉक्टरीण म्हणाली. "बोलता, मैं सत्तर साल भात खाया, तब छोड़ा. ये क्या छोड़ेगा? इसके पास क्या है?" म्हातारा आणखी काही बोलला, हळू, पायाकडे बोट दाखवून. "बोलता, मैं जा रहा हूँ, इसलिए हलका होता. ये आ रहा है. आनेवाले को वजन चाहिए." आणि मग, आपल्या मनाने, बापाकडे न बघता, "मेरा क्लिनिक में ले के आओ. खून देखेंगे. लेकिन पहले खाना."

घरी आली तेव्हा नागेश उठला होता आणि दारात केरू, अत्तरासकट. संजना सरळ फ्रीजकडे गेली, पुरचुंडी काढली आणि आईची गाठ सोडली. गाठ सहज सुटली, इतकी सहज की तिला क्षणभर फसवल्यासारखं झालं. जोंधळा परातीत पडला, मोत्यासारखा, आणि थंडगार दाण्यांवर लगेच दमट हवेचं दव धरलं. ते तिने कोरड्या फडक्याने टिपलं, दाणे तव्यावर परतले आणि मिक्सरच्या भांड्यात घातले. जात्यावर म्हणतात, मिक्सरवर कोण म्हणतं. पण बटण दाबल्यावर तो घरघराट उठला आणि त्या आवाजाआड तिला कुणी ऐकणार नाही म्हणून ती म्हणू लागली,

जोंधळ्या रे राजा, तुझं वाऱ्यावरी मन,
भुईनं तुझ्या पायी बांधलं काकण.

"काय करतीयस?" नागेश दारात आला. "आज भरवायचं," ती म्हणाली. "आणि मामा?" तिने बैठकीकडे मान केली. केरू तोवर अंशला मांडीवर घेऊन त्याला वेल्डिंगचा चष्मा कसा घालतात ते सांगत होता. ऐकलं तसा तो अंशला खाली ठेवून उठला. मग म्हणाला, "ताई, थांबा. हात धुतो," आणि न्हाणीत गेला तो किती वेळ आलाच नाही. साबण घासल्याचा आवाज येत राहिला. "अरे, हात धुतोयस का ऑपरेशन करतोयस?" नागेशने हाक मारली. तो बोटातली अंगठी काढायला बघत होता आणि ती निघत नव्हती.

पीठ गूळ-दुधात शिजलं, खीर झाली. वाडग्यातून वाफ निघाली, आणि तिच्याबरोबर जतचा माळ, पेटलेली चूल, आईची ओली ओंजळ. संजनाने वाडगा उचलला आणि हात पुन्हा हवेत थांबला. तसाच. नेहमीसारखा. नागेशने ते पाहिलं आणि त्याला सगळं एकदम समजलं असावं, कारण तो दारातून बाजूला झाला. ती वाडगा घेऊन दाराबाहेर गेली, जिन्याने, अनवाणी, एक मजला खाली. म्हाताऱ्यानेच दार उघडलं. तिला सांगता येईना, आणि ज्याने भगर परत केली त्याला आता ही खीर का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने फक्त वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरला. म्हाताऱ्याने वाडग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वाकला, तोंड वाफेच्या वर नेलं, डोळे मिटले आणि आत घेतलं. एकच श्वास, पण इतका लांब की वाफ वळली आणि त्याच्याकडे गेली. त्याने तो धरून ठेवला. गळा हलला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, वाफेने असतील, किंवा कुठल्या चिखलात वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बाईच्या हातांनी. मग त्याने हळू श्वास सोडला आणि वाडगा दोन्ही हातांनी तिच्याकडे परत सरकवला. भरलेला. एक थेंबही कमी नाही.

आणि जिना चढताना तिला ते कळलं, पायरीवर पाय ठेवता ठेवता, कुणी कानात सांगितल्यासारखं. असंच तर असतं. आपण ताट वाढतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो. देव वास घेतो आणि ताट परत करतो, भरलेलं. कधी कुणी म्हटलंय का, देवाने खाल्लं नाही म्हणून? तो खात नाही म्हणून तर आपल्याला खायला मिळतं. एकीचा भरलेला वाडगा परत आला तर अपमान आणि सगळ्या जगाचा येतो तो प्रसाद, आणि हे इतकी वर्षं तिच्या घरात रोज चाललं होतं. रिद्धीनेही, तिला वाटलं, तेवढंच घेतलं असेल. पाळण्यात पडल्या पडल्या चुलीवरच्या भाकरीचा वास, आजीच्या पदराचा, चिंचेने घासलेल्या अंगठीचा. वास घेतला, आणि वाडगा परत केला.

केरूने मांडी घातली होती. हात चोळून चोळून लाल केले होते. "आता ग्रीस न्हाय, ताई. बघा," तो म्हणाला. अंगठी अखेर तेल लावून निघाली होती. त्याने ती खिरीत बुडवली आणि अंशच्या ओठांना लावली. अंशने आधी डोळे बारीक केले. फसवलं गेल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. मग जीभ बाहेर आली, अंगठीला लागली, आत गेली. तो थांबला. सगळं घर थांबलं, एसीसुद्धा थांबल्यासारखा वाटला. आणि त्याच्या गळ्याशी ती लहानशी हालचाल झाली, वर जाऊन खाली आली, पहाटे कठड्याशी पाहिली होती तीच. ह्या वेळी काहीतरी उतरलं. त्याने दोन्ही हातांनी केरूचं मनगट पकडलं आणि ओढलं. "आरं, मामाला खातोस का खीर खातोस," केरू म्हणाला आणि अंगठी पुन्हा खिरीत बुडवली.

तो थोडंच खाऊ शकला. वाडग्यात पुष्कळ उरली. बाहेर कुठल्याशा मशिदीत जुम्म्याची तयारी सुरू झाली होती. नागेश दवाखान्यात न्यायचे कागद शोधत होता. संजनाने अंशला उचलून कडेवर घेतलं. काही जड झाला नव्हता, एवढ्यात कसा होईल, पण त्याने तिच्या कमरेला पायांची मिठी घातली ती जमिनीवर उभ्या असणाऱ्याची होती. तिने त्याच्या टाळूवर नाक ठेवलं नाही. हनुवटीवर ओघळलेली खीर बोटाने पुसली आणि ते बोट तोंडात घातलं. मग वाडगा उचलला आणि त्यात उरलेलं, कडेला चिकटलेलं, त्याच्या लाळेचं, सगळं पुसून पुसून खाल्लं. आईला लेकराचं उष्टं खावं लागतं, त्यातच तिचं पोट भरतं, असं बाया म्हणायच्या आणि हसायच्या. तिला ते आजपर्यंत कुणी दिलं नव्हतं.